पहिला डोस झाला होता, तरी पार्वो कसा काय झाला?

हा प्रश्न दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. पार्वो म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा, व्हायरसमुळे येणारा जीवघेणा आजार. कार्डवर स्टिकर आहे, डॉक्टरचा शिक्का आहे, तारीख आहे, आणि पिल्लू रक्ताची हगवण लागून तीन दिवसांत गेलं. मग लस नकली होती का, डॉक्टरने नुसतं पाणी टोचलं का, अशी चर्चा सुरू होते. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा लसही खरी असते आणि डॉक्टरचीही चूक नसते, गडबड असते ती दिवसांच्या हिशोबात, आणि तो हिशोब पिल्लू घरी आणताना कुणी नीट समजावून सांगत नाही. म्हणून आज जरा बैजवार लिहिते.

आधी हिवाळाच का ते सांगते. भादव्यात कुत्र्यांचा काय गोंधळ चालतो ते आपल्याला माहितीये, त्यावरून म्हणच पडलीये. कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते, म्हणजे दिवाळीच्या आसपास आणि नंतर गल्लोगल्ली, पार्किंगमध्ये, बांधकामाच्या साईटवर, टपरीच्या मागे पिल्लंच पिल्लं. ही सगळी पिल्लं डिसेंबर ते फेब्रुवारीत दीड ते चार महिन्यांची होतात आणि पार्वोचं सगळ्यात आवडतं वय नेमकं तेच. पार्वो वर्षभर असतो, उन्हाळ्यात पण होतो, पावसाळ्यात पण होतो, पण एकाच वेळी इतकी कोवळी पिल्लं रस्त्यावर असली की व्हायरसला जत्राच मिळते, आणि मग तो बुटाला, टायरला लागून तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या लॅब्रॅडॉरपर्यंत पण पोचतो.

हा आजार तसा जुना नाही बरं का. १९७८ च्या आधी जगाला तो माहीत नव्हता. मांजरांना होणारा एक जुना पार्वोव्हायरस आहे, त्याच्याच घराण्यातला एक व्हायरस थोडासा बदलला आणि कुत्र्यांमध्ये शिरला. दोनेक वर्षांत सगळ्या जगात पसरला, कारण तेव्हा पृथ्वीवरच्या एकाही कुत्र्याच्या अंगात त्याच्याविरुद्ध काही नव्हतं, लहान-मोठी सगळ्याच वयाची कुत्री खूप मेली. सुरुवातीला कुत्र्यांसाठी लस नव्हती तेव्हा मांजरांची लस कुत्र्यांना टोचून वेळ मारून नेली होती. नंतर लस आली, व्हायरसही बदलत गेला, त्याचे टू-ए, टू-बी, टू-सी असे प्रकार झाले. ‘आता नवीन स्ट्रेन आलाय, त्यावर लस चालत नाही’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. आत्ताच्या लसी या प्रकारांपासून सुद्धा संरक्षण देतात. लस चालत नाही त्याचं कारण जवळजवळ नेहमी वेगळं असतं, त्याकडे येतेच.

पण आधी हा व्हायरस शरीरात करतो काय ते बघू, कारण ते कळलं की उपचार, धावपळ, खर्च, सगळ्याचा अर्थ लागतो.

पार्वो अतिशय छोटा व्हायरस आहे. तो इतका छोटा की वाढायला लागणारं सामान त्याच्याकडे स्वतःचं नाहीच, म्हणून ज्या पेशी सारख्या नव्याने तयार होत असतात, ज्यांच्या आत दुप्पट होण्याचं काम चालूच असतं, अशाच पेशींत तो घुसतो. पिल्लाच्या अंगात अशा जागा मुख्य दोन, एक आतड्याचं अस्तर आणि दुसरी हाडातला मगज, जिथे रक्ताच्या पेशी बनतात. पिल्लू जमीन हुंगतं, पंजा चाटतं, व्हायरस तोंडातून आत जातो, आधी घशाजवळच्या गाठींमध्ये वाढतो, मग रक्तात उतरतो आणि तीन-चार दिवसांत आतडं आणि मगज गाठतो. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी झडून नवीन येत असतं, आणि नवीन अस्तर बनवणाऱ्या मुळाच्या पेशीच हा मारतो. जुनं झडलं आणि नवीन येईना, की आतडं आतून सोललं जातं. पाणी धरून ठेवणारं काही उरत नाही म्हणून जुलाब, भिंत उघडी पडते म्हणून रक्त, आणि एरवी आतड्यात गुपचूप राहणारे बॅक्टेरिया थेट रक्तात. त्यांच्याशी लढायला पांढऱ्या पेशी पाहिजेत तर त्या बनवणारा कारखानाच बंद पाडलेला.

म्हणजे पिल्लू मरतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी संपून, रक्तात इन्फेक्शन पसरून आणि साखर खाली जाऊन. हे तिन्ही जर आपण बाहेरून सांभाळलं, तर पाच-सात दिवसांत शरीर स्वतःच व्हायरसला आवरतं आणि नवीन अस्तर उगवतं. पार्वोचा सगळा उपचार या एका वाक्यावर उभा आहे, तेवढे दिवस पिल्लाला जिवंत ठेवायचं. व्हायरसलाच मारणारी गोळी आपल्याकडे दवाखान्यात मिळत नाही. अमेरिकेत २०२३ साली पार्वोवर तयार अँटिबॉडीच्या इंजेक्शनला सशर्त परवानगी मिळाली, ती थेट व्हायरसलाच पकडते, पण तिथेसुद्धा सलाईन चुकत नाही.

आता तो डोसचा हिशोब. लेख सोडून द्यायचा असेल तर द्या पण एवढा भाग वाचून जा.

पिल्लू जन्मलं की पहिल्या दिवसात आईचं चिकाचं दूध पितं. त्या चिकातून आईच्या अँटिबॉडी पिल्लाच्या रक्तात जातात. आईला लस झालेली असेल किंवा ती पार्वोतून वाचलेली असेल तर पिल्लाला हा वारसा भरपूर मिळतो. या उसन्या अँटिबॉडी साधारण दर नऊ-दहा दिवसांनी निम्म्या होत जातात. कुणाच्या सहा आठवड्यांतच संपत येतात, कुणाच्या सोळा आठवडे टिकतात. एकाच वेतातल्या दोन पिल्लांचं गणित पण वेगळं असतं, जे दांडगं पिल्लू पुढे घुसून जास्त चीक प्यायलं त्याचं वेगळं आणि जे कोपऱ्यात ढकललं गेलं त्याचं वेगळं.

आणि इथेच मेख आहे. या अँटिबॉडी म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन समजा. तो खऱ्या व्हायरसलाही अडवतो आणि लसीतल्या व्हायरसलाही अडवतो, कारण लसीत पार्वोच असतो, कमजोर केलेला जिवंत पार्वो, वॉचमनला दोघांचे चेहरे सारखेच. तो ताजातवाना असताना लस टोचली तर ती गेटवरूनच परत, पिल्लाचं शरीर काही शिकतच नाही, डोस वाया. पुढे वॉचमन पेंगायला लागतो, तेव्हा असे काही दिवस येतात की तो लसीला अडवण्याइतका जागा असतो पण बाहेरून दांडगाईने येणाऱ्या खऱ्या व्हायरसला अडवण्याइतका नसतो. हे दिवस एखादा आठवडा, दोन आठवडे, कधी त्याहून जास्त. या मधल्या खिडकीत पिल्लाला लस लागू पण पडत नाही आणि आईचं संरक्षण पण नसतं. आणि ही खिडकी कुठल्या पिल्लाची कधी उघडणार ते नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरला पण नाही.

म्हणून डोस एकदा देऊन भागत नाही, ठराविक अंतराने देत राहायचे, म्हणजे वॉचमन जेव्हा केव्हा झोपेल त्यानंतर लगेचचा डोस तरी लागेल. दुसरा-तिसरा डोस म्हणजे पहिल्याची ताकद वाढवणारा बुस्टर असं आपल्याला वाटतं, पण पिल्लांच्या बाबतीत ते तसं नाहीये, तो प्रत्येक वेळी नवीन प्रयत्न असतो, आधीचा लागला नसेल तर हा तरी लागू दे म्हणून.

आता आपल्याकडची पद्धत बघा. ४५ दिवस झाले की पिल्लू विकायला काढतात आणि ४५ दिवसांनाच पहिला डोस. मग २१ दिवसांनी दुसरा, म्हणजे ६६ व्या दिवशी, आणि बऱ्याच घरांत तिथेच ‘व्हॅक्सिनेशन कम्प्लीट’ म्हणून पिल्लू खाली बागेत. ६६ दिवस म्हणजे साडेनऊ आठवडे पण नीट होत नाहीत हो! ज्या पिल्लाच्या आईच्या अँटिबॉडी बारा किंवा चौदा आठवडे टिकणार आहेत त्याचे हे दोन्ही डोस गेटवरून परत गेलेले असू शकतात. कार्डवर स्टिकर दोन आणि अंगात संरक्षण शून्य. जगभरातल्या पशुवैद्यांची जी संघटना लसीकरणाच्या गाईडलाईन काढते, डब्ल्यूएसएव्हीए, ती स्पष्ट सांगते की सहा ते आठ आठवड्यांना सुरू करा, दर दोन ते चार आठवड्यांनी देत राहा, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांना किंवा त्यानंतर पडला पाहिजे. पहिला डोस ४५ व्या दिवशी असेल तर पुढे ६६, ८७ आणि मग ११२ व्या दिवशी किंवा एक-दोन दिवस पुढे शेवटचा. चार होतात. ‘डॉक्टर उगाच डोस वाढवतोय, बिल काढतोय’ असं चौथ्या डोसला म्हणणारे मी खूप ऐकलेत, पण खरं तर चारांतला एकच ठेवायचा म्हटला तर मी तो शेवटचाच ठेवीन.

त्यानंतर सहा महिन्यांच्या आसपास किंवा वर्षाचं झाल्यावर आणखी एक, कारण काही थोडी पिल्लं सोळा आठवड्यांनाही निसटतात. मोठ्या कुत्र्याला पार्वो-डिस्टेंपरचा (डिस्टेंपर हा कुत्र्यांचा दुसरा जीवघेणा व्हायरसचा आजार) भाग खरं तर तीन वर्षांतून एकदा पुरतो. पण ‘सेव्हन इन वन’, ‘नाईन इन वन’ म्हणून जी लस मिळते त्यात लेप्टो (उंदरांच्या मुतातून, साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) पण असतो आणि लेप्टोचं संरक्षण वर्षभरच टिकतं, उंदीर आणि पावसाचं तुंबलेलं पाणी आपल्याकडे असल्यावर तो सोडता येत नाही, रेबीज तर नाहीच नाही, तेव्हा वर्षाची व्हिजिट ठरलेलीच. फक्त पार्वोमुळे वर्षाला टोचावं लागतं असं नाही, एवढंच.

लस देताना बघायला शिका. पार्वोची लस असलेल्या बाटलीत तळाला छोटी पांढरी वडी असते, दुसऱ्या बाटलीतलं पातळ काढून त्यात सोडतात, हलवतात, आणि लगेच टोचतात. बाटलीवरचं स्टिकर सोलून तुमच्या कार्डवर लागतं, त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी असते. ती बाटली २ ते ८ डिग्रीत राहिलेली पाहिजे. कुणी खिशातून काढून, उन्हातून बाईकवर आणून टोचत असेल तर वडीतला व्हायरस मेलेला असू शकतो आणि मेलेला व्हायरस पिल्लाला काही शिकवत नाही. ‘पहिला डोस आम्हीच घरी दिला’ म्हणणाऱ्या ब्रीडरचा डोस मी तरी मोजत नाही. डॉक्टरची सही आणि रजिस्ट्रेशन नंबर नाही तर तो डोस झालाच नाही असं समजून पुढचं वेळापत्रक लावून घ्या, एक जास्त झाला तर बिघडत नाही.

ब्रीडरचा विषय निघालाच आहे तर. नियमाप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, पण ४५ दिवसांचा रिवाज जोरात चालू आहे कारण पिल्लू जितकं छोटं तितकं गोंडस आणि ब्रीडरचा खाण्याचा खर्च तितका कमी. पार्वोचा व्हायरस अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी त्याहून जास्त. तेव्हा पिल्लू आणल्यावर दुसऱ्या दिवशीच उलट्या सुरू झाल्या तर ते आजार घेऊनच आलंय, तुमच्या दूध-पोळीने झालेलं नाही. ब्रीडर फोनवर म्हणणार की तुम्ही काहीतरी चुकीचं खायला घातलं. घालू दे वाद, तुम्ही आधी दवाखाना गाठा.

आता ओळखायचं कसं. सगळे रक्ताच्या जुलाबाची वाट बघत बसतात आणि तिथेच वेळ जातो. पहिलं लक्षण बहुतेक वेळा साधंच, पिल्लू गप्प होतं. काल चपला पळवणारं पोर आज कोपऱ्यात बसलंय, खाण्याचा वास घेऊन तोंड फिरवतंय. मग उलटी, आधी खाल्लेलं, मग पिवळं पाणी, मग पांढरा फेस. जुलाब त्याच्या मागून येतात, कधी त्याच दिवशी, कधी दुसऱ्या दिवशी, आधी पातळ पिवळट आणि मग लालसर, मग गडद रक्ताचे, आणि त्याचा वास एकदा घेतला की आयुष्यभर ओळखता येतो, कुजल्यासारखा, गोडसर, खोलीत शिरल्या शिरल्या कळतो. अजून एक गोष्ट मी बऱ्याच पिल्लांत बघितलीये, ते पाण्याच्या भांड्यावर जाऊन उभं राहतं, मान खाली, नाक जवळजवळ पाण्याला टेकलेलं, आणि पीत नाही. तहान आहे पण मळमळ इतकी की पिता येत नाही. हे दिसलं की सकाळपर्यंत थांबू नका.

पाणी किती कमी झालंय ते घरी थोडं बघता येतं. मानेमागची कातडी चिमटीत धरून उचला आणि सोडा, चांगल्या पिल्लात लगेच परत बसते, पाणी कमी असेल तर तंबू राहतो, हळूहळू खाली येतो. हिरड्यांना बोट लावा, ओल्या गुळगुळीत पाहिजेत, चिकट लागल्या तर वाईट. पंजे आणि कान गार पडले असतील तर फार वाईट, त्या वेळी ताप नसतो उलट अंग थंड असतं, आणि ‘ताप उतरला वाटतं’ म्हणून लोक खूश होतात.

रक्ताची हगवण म्हणजे पार्वोच असंही नाही. पिल्लांना हुकवर्म नावाच्या जंतांनी रक्त पडतं, जिआर्डिया नावाच्या आतड्यातल्या परजीवीने जुलाब होतात, आतडं आतड्यात शिरलं तरी असंच दिसतं, उंदराचं औषध खाल्लेलं असू शकतं. म्हणून टेस्ट करायची. शौचाचा नमुना घेऊन छोट्या किटवर टाकतात, कोव्हिडच्या वेळी घरी करायचो तशीच पट्टी, दहा-पंधरा मिनिटांत दोन रेघा. निगेटिव्ह आली तरी पिल्लू लस पूर्ण न झालेलं आणि लक्षणं तीच असतील तर डॉक्टर पार्वो धरूनच चालतात, कारण सुरुवातीला किंवा शेवटी व्हायरस कमी पडत असला तर किट चुकतं. उलट, चार-आठ दिवसांपूर्वीच लस झाली असेल तर लसीतला व्हायरस शौचातून पडून कधीतरी फिकट रेघ येऊ शकते, ते डॉक्टरला आधी सांगा. सोबत रक्ताची सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, पांढऱ्या पेशी किती खाली गेल्यात यावरून पिल्लू कुठल्या पायरीवर आहे ते कळतं.

उपचारात मुख्य काम सलाईनचं. पुढच्या पायाला सुई लावून आरएल (रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन), त्यात गरजेप्रमाणे पोटॅशियम आणि ग्लुकोज. उलटी थांबवायला ओन्डॅनसेट्रॉन किंवा मॅरोपिटंट. अँटिबायोटिक देतात ते व्हायरससाठी नाही, आतड्यातून रक्तात घुसलेल्या बॅक्टेरियासाठी. रक्त फारच गेलं असेल तर रक्त चढवतात. पूर्वी असं होतं की उलटी थांबेपर्यंत तोंडात अन्नाचा कण नाही. ती समजूत आता मागे पडलीये, लवकर थोडं थोडं पातळ पोटात गेलं, गरज पडली तर नाकातल्या नळीने, तर आतडं लवकर सावरतं असं दिसून आलंय. पण हे डॉक्टर सांगेल तेव्हा आणि तेवढंच, घरी सिरिंजने जबरदस्ती पेज घालू नका, उलटी करणारं पिल्लू ते फुफ्फुसात ओढतं.

‘पार्वो झाला म्हणजे संपलं’ असं म्हणून जे हातपाय गाळतात त्यांच्यासाठी, वेळेत नीट उपचार मिळाले तर दहातली आठ-नऊ पिल्लं वाचतात. उपचार नाही केले तर दहातली नऊ जातात. इतका सरळ फरक फार थोड्या आजारात असतो. अॅडमिट करणं सगळ्यांना परवडत नाही, रोजचे हजारात जातात हे मलाही माहितीये. मुंबईत लोक परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला नेतात, जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने असतात, तिथे खर्च कमी येतो. आणि अॅडमिट नाहीच जमलं तरी पर्याय संपत नाहीत. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीने एक पद्धत तपासली होती, आधी दवाखान्यात शिरेतून सलाईन देऊन पिल्लू सावरायचं आणि मग पुढे दिवसातून ठराविक वेळा कातडीखाली सलाईन, उलटीचं इंजेक्शन, लांब टिकणारं एक अँटिबायोटिक. लहान अभ्यास होता, पण अॅडमिट केलेली ९० टक्के वाचली आणि अशी ८० टक्के वाचली. तेव्हा लाजू नका, डॉक्टरला सरळ सांगा की माझं बजेट एवढं आहे, यात काय करता येईल. न सांगता पिल्लू घरी घेऊन जाण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

घरगुती उपायांबद्दल एवढंच की हळद, दहीभात, पपईच्या पानाचा रस, कच्चं अंडं, इलेक्ट्रल, जे काही तोंडातून घालाल ते सोललेल्या आतड्यावर पडणार आणि बाहेर येणार. दवाखान्यात पोचेपर्यंत चमचाभर पाणी ठीक. पण माणसांची जुलाब बंद करणारी गोळी अजिबात नाही, ती आतड्याची हालचालच थांबवते आणि घाण आत कोंडते. पॅरासिटामॉल पण नाही. आणि लक्षणं दिसल्यावर ‘आता तरी डोस देऊन टाका डॉक्टर’ म्हणजे वरातीमागून घोडं.

आता साफसफाई, आणि इथे आपली सगळी मेहनत फिनाईलवर वाया जाते. पार्वोला बाहेरून चरबीचं आवरण नसतं, म्हणून तो साबणाने, सॅनिटायझरने, डेटॉलने, फिनाईलने मरत नाही. वास छान येतो, व्हायरस तिथेच. घरात काही महिने आणि सावलीतल्या ओल्या मातीत वर्षभर सुद्धा तग धरतो. त्याला मारतं ते ब्लीच, कपड्यांना वापरतात ते साधं, सुगंध नसलेलं. एक लिटर पाण्यात साधारण ३० ते ३५ एमएल, म्हणजे दोन मोठे चमचे भरून, ब्लीच पाच टक्क्यांचं आहे असं धरून. पण आधी घाण पूर्ण उचलून साबणाच्या पाण्याने फरशी धुवायची, कारण शौच किंवा माती राहिली तर ब्लीच त्यातच खर्च होतं. मग ब्लीचचं पाणी ओतायचं, दहा मिनिटं फरशी ओली राहिली पाहिजे, मग धुवून कोरडी. पाणी रोज ताजं करायचं, कालचं निकामी. खिडक्या उघड्या, पिल्लू दुसऱ्या खोलीत, आणि कृपा करून त्यात टॉयलेट क्लीनर मिसळू नका, विषारी गॅस होतो, माणसं दवाखान्यात जातात. चादरी-गाद्या ज्यांना ब्लीच चालत नाही त्या टाकून द्या. बागेच्या मातीला ब्लीच काही करत नाही, तिथे ऊन, वेळ आणि दुसरं कोवळं पिल्लू तिथे न सोडणं हेच.

माणसांना हा पार्वो होत नाही. लहान मुलांना गाल लाल होणारा एक पार्वोव्हायरस असतो, तो वेगळा, माणसांचा. पण माणसाचे हात, बूट, पँटची खालची कड व्हायरस घरी आणतात, आणि म्हणून ‘आमचं पिल्लू तर घराबाहेर गेलंच नाही’ याला अर्थ नाही, तुम्ही गेला होतात ना. लस पूर्ण होईपर्यंत बूट दाराबाहेर, हात धुवून मगच पिल्लू (साबणाने मरत नसला तरी पाण्याबरोबर वाहून जातो). घरात मांजर असेल तर तिचीही लस बघा, नवीन प्रकारचे पार्वो मांजरांना पण लागू शकतात, आणि तिची लस वेगळी असते.

मग पिल्लाला चार महिने कोंडून ठेवायचं का? नाही, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण जग ओळखायचं, माणसं-गाड्या-आवाज याची सवय व्हायचं वय पण नेमकं हेच असतं, कोंडलेलं पिल्लू पुढे घाबरट आणि चावरं होतं. उचलून न्या. कडेवर घेऊन भाजी मार्केट दाखवा, रिक्षात बसवा, लस पूर्ण झालेलं शांत मोठं कुत्रं असलेल्या मित्राच्या घरी न्या. फक्त पंजे रस्त्यावर, गवतावर, जिथे दहा कुत्री हगतात तिथे नकोत. आणि सगळ्यात धोक्याची जमीन कुठली, तर दवाखान्याच्या वेटिंग रूमची! एका बाकावर लस घ्यायला आलेलं, बाजूला सलाईनची सुई पायाला बांधलेलं, आणि मालक मोबाईलमध्ये, पिल्लं एकमेकांना हुंगतायत. पिल्लू मांडीवरून खाली उतरवायचं नाही, शक्य असेल तर बाहेर थांबून नंबर आला की आत. टेबल पुसलं का ते विचारायला लाज कसली.

रस्त्यावरच्या पिल्लांना खाऊ घालणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. महापालिकेच्या नसबंदीच्या कामात रेबीजची लस होते, पार्वोची सहसा नाही, तेव्हा ते आपल्यावरच. रस्त्यावरच्या आया बऱ्याचदा स्वतः पार्वोतून वाचलेल्या असतात म्हणून त्यांची पिल्लं महिना-दीड महिना टुणटुणीत असतात आणि मग अचानक एकापाठोपाठ एक जातात, कुणीतरी विष घातलं असा संशय येतो. वर सांगितलेली खिडकी उघडलेली असते, एवढंच. तीन ठिकाणी पिल्लं सांभाळत असाल तर ठणठणीत वेताकडे आधी जा, आजारी ठिकाणी सगळ्यात शेवटी, आणि तिथल्या चपला वेगळ्या. एक पिल्लू आजारी दिसलं म्हणून सगळं वेत उचलून गर्दीच्या शेल्टरला नेऊन टाकणं म्हणजे चांगल्या हेतूने केलेलं वाटोळं. आजारी तेवढं वेगळं करा, बाकीच्यांना त्याच दिवशी लस द्या, अजून लागण झाली नसेल त्यांना उपयोग होतो. शेल्टरमध्ये तर चार आठवड्यांपासूनच सुरू करून दर दोन आठवड्यांनी वीस आठवड्यांपर्यंत देतात, कारण तिथे धोका रोजचा.

वाचलेल्या पिल्लाला पार्वो पुन्हा होण्याची भीती जवळजवळ नसते, ती इम्युनिटी वर्षानुवर्षं टिकते, पण बाकीच्या आजारांसाठी डोस पूर्ण करावेच लागतात, डिस्टेंपर त्याच्या शेजारीच उभा असतो. बरं झाल्यावरही साधारण दोन आठवडे, कधी जास्त, शौचातून व्हायरस पडत राहतो, तेव्हा त्याला एकाच जागी शी करायला न्या, लगेच उचला, आणि महिनाभर दुसऱ्या पिल्लांत सोडू नका. अंगावरच्या केसांतही व्हायरस राहतो, ताकद आली की कोमट पाण्याने चांगली आंघोळ घाला. खाणं दोन आठवडे हलकं, उकडलेलं चिकन आणि भात, थोडं थोडं चार-पाच वेळा, भूक लागली म्हणून एकदम ताट भरून नाही.

आणि ज्यांचं पिल्लू गेलं आणि आता दुसरं आणायचं मनात आहे, त्यांनी घर वर सांगितलंय तसं ब्लीचने धुवा, भांडी-पट्टे-बेड नवीन घ्या, आणि त्या घरात कोवळं पिल्लू न आणता सोळा आठवड्यांचा शेवटचा डोस होऊन दोन आठवडे उलटलेलं पिल्लू नाहीतर लस झालेलं मोठं कुत्रंच आणा, भटक्यांतली अशी कितीतरी घराची वाट बघत असतात.